सुपाखालची चुंबळ: सोलापुरातल्या एका विडी घराचा डिझाइन अभ्यास

तीन आठवड्यांनी आम्ही विडी वळणाऱ्या अक्कांच्या घरी परत गेलो, तेव्हा आम्ही करून दिलेल्या बैठकीवर पिण्याच्या पाण्याची घागर ठेवलेली होती. अक्का दाराच्या चौकटीला पाठ टेकून फरशीवर बसल्या होत्या. मांडीवर सूप, बोटांत पान, दातांशी दोरा. पहिल्या दिवशी पाहिल्या होत्या अगदी तशाच. आम्हाला बघून त्यांना अवघडल्यासारखं झालं आणि घागर उतरवायला त्या उठायला लागल्या. "राहू द्या अक्का," मी म्हटलं. त्या परत बसल्या, पण त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं नाही. आपणच काहीतरी चुकलो, असं त्यांना वाटत होतं. चूक आमची होती, आणि ती कुठे झाली हे कळायला आम्हाला पुढचे चार महिने लागले.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. सोलापूर म्हटलं की चादर आठवते. इथली पहिली कापड गिरणी १८७७ ची. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्व भागात वसले, आणि पुरुष मागावर, बाई विडीवर अशी कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या चालली. घरात तेलुगू, बाजारात मराठी, कानावर कन्नड रोजचीच. विडी घरी बसून वळतात. कारखान्यातून टेंभुर्णीची पानं, जर्दा आणि दोरा मोजून मिळतो. पानं भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, नरम झाली की पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. मग चिमूटभर जर्दा, वळण, तोंड दुमडणं, दोरा. पंचवीस विड्यांची एक जुडी. मजुरी हजारावर. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे चेकर त्या बघतो आणि पसंत न पडलेल्या बाजूला काढतो. या बाजूला काढलेल्या विड्यांना छाट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, आम्ही तो फार उशिरा ऐकला.

काम आमच्याकडे आलं ते एका स्थानिक संस्थेमार्फत. मागणी एका ओळीची होती: विडी वळणाऱ्या बायकांची मान आणि पाठ दुखते, त्यांच्यासाठी बसायचं काहीतरी करून द्या. आम्ही चौघं होतो. मी प्रॉडक्ट डिझायनर. माझी मैत्रीण फिजिओथेरपिस्ट. समाजशास्त्रात एम.ए. करणारी एक मुलगी, जिची आई स्वतः विड्या वळते आणि जिला तेलुगू येतं. आणि अर्थशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना मी सुरुवातीला केवळ खर्चाचा अंदाज काढायला बोलावलं होतं, हे इथे कबूल करायला हवं, कारण पुढे सगळं प्रकरण त्यांच्याच वहीतून फिरलं.

शरीराचं शास्त्र

सुरुवात आम्ही शरीरापासून केली. डिझाइनला दुसऱ्या शास्त्रांनी जे दिलं त्यात या शाखेचा हात जुना आणि भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यावर धावपट्टीवरच चाकं मिटून आपटत होती आणि दोष वैमानिकाच्या नावावर जात होता. अल्फान्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, की चाकांची आणि फ्लॅपची, म्हणजे पंखाच्या हलत्या पट्टीची, कळ एकमेकींशेजारी आहेत आणि हाताला सारख्याच लागतात. एका कळीला त्याने छोटं रबरी चाक लावलं, दुसरीला पाचरीसारखा तुकडा. थकलेला माणूस चुकतो, तेव्हा आधी त्याच्या हातातली वस्तू तपासा, ही शिकवण तिथून आमच्या क्षेत्रात रुजली. मला ती आजही मोलाची वाटते.

मैत्रिणीने अक्कांचे बाजूने फोटो काढले, मान, खांदा, मनगट यांचे कोन मोजले आणि रूला या तक्त्यात भरले. १९९३ मध्ये इंग्लंडच्या मॅकॅटॅम्नी आणि कॉर्लेट या दोघांनी तो प्रसिद्ध केला, आणि आजही कामाच्या जागी शरीरावर येणारा ताण जोखायला तो सर्रास वापरतात. मान वीस अंशांपुढे वाकली की त्यात गुण वाढतात, म्हणजे धोका वाढतो. अक्कांची मान त्याच्या कितीतरी पुढे होती, तीही तासन्‌तास. स्नायू असा ताठ धरून ठेवला की त्यातला रक्तपुरवठा कमी होतो, आणि हालचाल न करताही माणूस थकतो.

यावरून आम्ही बैठक केली. जमिनीपासून थोडी उंच, पाठीला टेकू, समोर कोपराच्या उंचीवर कडा असलेला उतरता ट्रे. प्लायवूड, स्पंज, वर रेक्झिन. आमच्या खोलीत अक्का तिच्यावर बसल्या, पंधरा मिनिटं विड्या वळल्या, आकडे झकास उतरले. "कसं वाटतंय अक्का?" "छान आहे की."

ते "छान आहे" मी जसंच्या तसं टिपून ठेवलं. पाहुण्याच्या घरी चहा कसा झालाय विचारलं तर आपण काय म्हणतो, हे तेव्हा मला आठवलं नाही.

उंबऱ्यावरचा उजेड

घागर पाहून आल्यावर समाजशास्त्राची मुलगी म्हणाली, "ताई, आपण त्यांना आपल्या खोलीत बसवून बघितलं. मी त्यांच्याकडे जाऊन बसते." ती सहा दिवस बसली. सकाळपासून कारखान्याला जायच्या वेळेपर्यंत, हातात वही, आणि दुसऱ्या दिवसापासून हातात कात्रीही, कारण रिकामं बसलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही.

माणसांसोबत बसून त्यांचं काम समजून घेण्याची ही रीत मानववंशशास्त्राची. डिझाइनमध्ये ती ठळकपणे आली १९८० च्या दशकात, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून. ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी फोटोकॉपी यंत्राशी झटणाऱ्या माणसांचं चित्रीकरण केलं. त्यातल्या एका फितीत दोन नावाजलेले संगणकशास्त्रज्ञ साध्या प्रती काढताना पार गोंधळून गेलेत. यंत्र करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं, की माणूस आधी योजना आखतो आणि मग पायरीपायरीने ती पार पाडतो. प्रत्यक्षात माणूस समोर जे येईल ते बघत बघत पुढे जातो. आता डिझाइनच्या वर्गात दोन दिवस मुलाखती घेतल्या तरी त्याला एथ्नोग्राफी म्हणायची पद्धत पडली आहे. मला याचा राग येतो. रीत उचलायची आणि त्या रीतीला लागणारा वेळ मात्र मागे ठेवायचा, ही उसनवारी खोटी आहे. मी स्वतः तेच केलं होतं.

मुलीच्या वहीत जे निघालं ते असं. एप्रिलचा महिना, सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे, आणि अक्कांच्या घरातला पंखा बंद. पंख्याने पान वाळतं आणि वळताना तडकतं, जर्दा उडतो. म्हणून वारा आणि उजेड दोन्ही मिळेल अशी घरात एकच जागा, दार. तिथला उजेडाचा पट्टा सकाळभर सरकतो. अक्का त्याच्यामागोमाग तीनदा सरकतात, सूप मांडीवर तसंच ठेवून, ढुंगणाने फरशीवर रेटत. नळाला पाणी आलं की सूप एका हाताने उचलून कोपऱ्यात ठेवतात, जर्द्याचा कणही सांडत नाही. दुपारी शेजारच्या दोघी ओट्यावर येतात, पाय पसरून रांगेने बसतात, बोलणं आणि वळणं सोबत चालतं. सासूबाई पानं कापतात, अक्कांची मुलगी शाळेतून आली की दोरा बांधते.

आमची बैठक एका शरीरासाठी होती, एका जागी होती, आणि ती दारात मावत नव्हती.

मला सगळ्यात हलवून गेलेली नोंद मात्र याहून बारीक होती. अक्का अर्धवट मांडी घालतात, आणि डावा गुडघा मधूनमधून दोन बोटं वर येतो. मुलीला आधी वाटलं पायाला मुंग्या येत असतील. मग दिसलं, की गुडघा वर आला की सूप कलतं आणि पलीकडच्या काठाला गेलेला जर्दा आपोआप घसरत बोटांपाशी येतो. पानांची चळत मात्र सुपाच्या खोल भागात असते, ती हलत नाही. म्हणजे सुपाचा उतार अक्का गुडघ्याने बदलत होत्या, दिवसातून शेकडो वेळा, नकळत. आमच्या ट्रेचा उतार आम्ही एकदाच ठरवला होता आणि स्क्रूने पक्का केला होता.

जेम्स गिब्सन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणायचा, की भोवतालची वस्तू प्राण्याला काही करू देते आणि ते करू देणं त्या वस्तूत एकट्यात नसतं, प्राण्याच्या शरीरात एकट्यात नसतं, दोघांच्या नात्यात असतं. १९८८ मध्ये डोनाल्ड नॉर्मनने ही कल्पना डिझाइनमध्ये आणली, आणि पुढे ती बटण दाबावंसं दिसलं पाहिजे इतक्या अर्थापुरती आक्रसली. सूप आणि गुडघा बघितल्यावर मला गिब्सनचं मूळ म्हणणं पहिल्यांदा समजलं. सूप मोकळं असतं तर ते नुसतं सूप होतं. मांडीवर ते यंत्र होत होतं.

प्राध्यापकांची वही

खर्चाचा ताळा घेऊन मी प्राध्यापकांकडे गेले. प्लायवूड, स्पंज, सुताराची मजुरी, ने-आण. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "यात अक्कांचा खर्च कुठे आहे?"

"सर, त्यांना फुकट देणार आहोत."

"फुकट कसं? नव्या जागी हात बसायला किती दिवस लागतील? तेवढे दिवस विड्या कमी होणार. मजुरी हजारावर आहे. ती तूट कोण भरणार, संस्था की तुम्ही?"

मी गप्प झाले. शिकण्याचा काळ हा आमच्या आराखड्यात नुसता एक वळणदार आलेख होता. तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या बाईसाठी तो किराण्याचा हिशोब असतो. अक्कांनी बैठक बाजूला ठेवली ती सवयीच्या ओढीने नव्हे, हिशोबाने.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. "त्या इतक्या घाईत का वळतात?" मुलीला उत्तर माहीत होतं, तिच्या घरचंच ते. "छाटीमुळे सर." चेकर किती काढेल याचा नेम नसतो. म्हणून हजार भरायला हजाराच्या वर वळून न्यायच्या. पानं खराब आली तर जास्तीची पानं बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायची. या वरच्या विड्या होतात संध्याकाळी, दार लावल्यावर, एका बल्बच्या उजेडात. तेव्हा मान सगळ्यात जास्त वाकते.

मैत्रिणीने तिच्या फोटोंची वेळ तपासली. सगळे सकाळी अकराच्या आसपासचे होते.

इथे माझ्यापुरता प्रश्न पालटला. आम्ही मान बघत होतो आणि मानेवरचं ओझं येत होतं कारखान्यातल्या चेकरच्या काउंटरवरून. होर्स्ट रिटेल मुळात गणिताचा माणूस, मेल्विन वेबर नगरनियोजनाचा. दोघांनी १९७३ मध्ये मांडलं, की काही प्रश्न असे चिवट असतात की त्यांची मांडणी करणं हाच मुळात प्रश्न असतो. जशी मांडणी तसं उत्तर. शरीरशास्त्राने मांडलं तर बैठक निघते. मानववंशशास्त्राने मांडलं तर दारातला उजेड. अर्थशास्त्राने मांडलं तर छाट. यातलं कुठलंही खोटं नाही. पण पहिली मांडणी मी निवडली नव्हती, ती मागणीसोबत आली होती आणि मी ती तपासलीही नव्हती. रूलाचा तक्ता मान बघतो, चेकरचा हात त्याच्या चौकटीत येतच नाही. उसनं घेतलेलं प्रत्येक शास्त्र डोळे देतं आणि झापडंही देतं, नि झापडं आपल्याला दिसत नाहीत, कारण ती डोळ्यांच्या बाजूला असतात.

मैत्रिणीने आणखी एक गोष्ट काढली, आणि त्यावर आमचं चांगलंच वाजलं. "विडी पिणारा मरतो, जर्द्यातलं निकोटिन वळणारीच्या कातडीतून आत जातं, आणि आपण हे काम सोपं करतोय?" आरोग्याच्या बाजूने तिचं म्हणणं बिनतोड आहे. दुसरं काम मिळायला हवं, आणि त्यासाठी झगडणारी माणसं आहेत. पण अक्कांची मान आज दुखतेय. दुसरं काम येईपर्यंत ती दुखत राहू द्यावी, असं म्हणायचा अधिकार मला नाही. आम्ही दोघी इथे अजून एकमेकींना पटवू शकलेलो नाही.

चुंबळ

मग आम्ही काही न बनवता अक्कांकडे गेलो. मुलीने तेलुगूत विचारलं, "दुखायला लागलं की तुम्ही काय करता?" अक्का जरा लाजल्या. कोपऱ्यातून त्यांनी एक चुंबळ आणली, डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात ती, जुन्या साडीची. "संध्याकाळी नजर पोचत नाही गं. मग हे सुपाखाली घालते. सूप वर येतं." त्यांनी ती मांडीत ठेवली, वर सूप ठेवलं, आणि गुडघा हलवला. सूप कललं. चुंबळ गोल आणि मऊ, त्यामुळे सूप तिच्यावर सगळीकडे झुकतं आणि परत जागेवर येतं.

"आधी का नाही दाखवलं?" मी विचारलं.

"तुम्ही बैठक आणली होती ना," त्या म्हणाल्या.

मला हे वाक्य अजून लागतं.

पुढचं काम सगळ्यांनी मिळून केलं, आणि इथे शरीराचं शास्त्र परत आलं, या वेळी आपल्या योग्य जागी. मैत्रिणीने चुंबळीची जाडी वाढवत नेली. दोन बोटं, तीन, चार, पाच. पाचला मान सर्वांत सरळ, पण कोपर उचलावं लागे आणि खांदे भरून येत. चार बोटांवर अक्कांनी मान हलवली, "हे बरंय." मैत्रीण म्हणाली, कमरेखालीही उतार हवा, मागे उंच, पुढे कमी, म्हणजे कणा खाली कोसळत नाही. पोत्याची घडी घालून ते जमलं. घडी सरकते, दारात मावते, नळाला पाणी आलं की तिथेच पडून राहते. शेजारच्या दोघींनी चुंबळ बघून स्वतःच्या केल्या, आमच्याकडून एक पैही न घेता. एकीने आत भुसा भरला, तो दाबला गेला. दुसरीने चिंध्या भरल्या, त्या टिकल्या. हात बसायला एकीलाही दिवस मोडावा लागला नाही, कारण बसायची तऱ्हा जुनीच होती.

छाटीची फळी

छाटीचं काय, हे चुंबळीने सुटणार नव्हतं. विडी कामगारांसाठी केंद्राने १९६६ मध्ये कायदा केला, आणि विड्या नाकारण्यावरून होणारे वाद सोडवण्याची तरतूद त्याच्या ३९ व्या कलमात होती. म्हणजे हा वाद साठ वर्षांपूर्वी दिल्लीत ठाऊक होता. पण वाद मांडायला हातात काहीतरी लागतं, आणि छाट काउंटरवरच उरते.

या टप्प्यावर मला नॉर्वेची एक गोष्ट उपयोगी पडली. क्रिस्टन निगार्ड हा गणित आणि संगणकातला माणूस १९७० च्या सुमारास तिथल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम करू लागला. कारखान्यात संगणक येत होते, त्यात कामगारांचं म्हणणं काय, हा विषय. आधी तज्ज्ञांनी अहवाल लिहायचे असं ठरलं होतं. मध्येच त्यांनी दिशा बदलली. कामगारांचेच गट अभ्यास करू लागले, आणि संघटनेने जे प्रत्यक्ष केलं त्यालाच संशोधनाचं फलित म्हणायचं ठरलं. वापरणाऱ्यांना सोबत घेऊन डिझाइन करायची जी रीत आज शिकवतात, तिचं एक मूळ कामगार चळवळीत आहे. सोलापूरच्या माणसाला हे परकं वाटू नये. सोलापूरशेजारच्या कुंभारीजवळ विडी कामगार बायकांची हजारो घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी आहे, ती मोर्चे काढून मिळवलेली. तिथे नेमकी काय गरज आहे, हे त्या बायका कितीतरी आधी सांगत होत्या.

आम्ही एक फळी केली. हातभर लांब. डाव्या बाजूला पसंत पडलेल्या विड्या चिकटवल्या, उजव्या बाजूला बायकांनी आठवून आठवून केलेले छाटीचे नमुने: जर्दा कमी, दोरा सैल, तोंड उघडं, पान फाटकं. खाली मराठी आणि तेलुगूत एकेक शब्द. कल्पना अशी, की हीच फळी घरी असेल आणि काउंटरवरही असेल, म्हणजे चेकरला आणि बाईला एकाच नमुन्याकडे बोट दाखवता येईल. अक्षरं माझी होती, नमुने त्यांचे. चौथ्या नमुन्यावर दोघी बायकांचा वाद झाला. फाटकं पान कारखान्यानेच दिलं तर त्याची छाट कुणाच्या खात्यावर? तो प्रश्न त्यांनी फळीवरच लिहायला लावला. डिझाइनच्या दृष्टीने फळी त्याने गिचमिड झाली, आणि ती तशीच राहू दिली याचा मला आनंद आहे.

काउंटरवर फळी लागली नाही. तिथल्या माणसाने ती हातात घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत दिली. "असं लावलं की रोज वाद होतील," तो म्हणाला. त्याच्यावरही कुणाचा तरी दट्ट्या असणार, एवढं मला दिसत होतं. फळी आता अक्कांच्या घरात दाराशेजारी खिळ्याला आहे. तिच्याखाली भिंतीवरचं कॅलेंडर, आणि त्याच्या चौकटींत अक्कांची मुलगी रोजचा छाटीचा आकडा लिहिते. शेजारच्या दोन्ही घरांत आता तसंच कॅलेंडर आहे. प्राध्यापक महिन्याच्या शेवटी येऊन तिन्ही कॅलेंडरं वहीत उतरवून घेतात.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा पहिल्या पानावर आम्हा चौघांची नावं होती. समाजशास्त्राची मुलगी म्हणाली, "चुंबळ कुणाची आहे?" बरोबरच होतं. अक्कांचं नाव सगळ्यांत वर घालू, असं ठरवून आम्ही त्यांना विचारायला गेलो. त्यांनी हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला, जुडीत ठेवली.

"माझं नाव नको," त्या म्हणाल्या. "खाली छाटीचं लिहिलंय ना. कारखान्यात वाचलं तर पानं द्यायचे बंद करतील."

म्हणून अहवालात त्यांचं नाव नाही, आणि इथेही नाही.